मधल्या दोन वायरी

१

क्लिवोन गेला त्या सकाळी त्याच्या गाडीचे चारपैकी दोनच सिलिंडर चालत होते. हे कळायला तेहतीस दिवस गेले, कारण तेवढे दिवस गाडीची किल्ली त्याच्या मुलीनं, पोननं, पदराआड दडवून ठेवली होती आणि बॉनेटला कोणाला हात लावू देत नव्हती.

तेहतिसाव्या दिवशी क्लिवोनच्या पत्नी, बू क्लिवोन, माझ्या ओसरीवर आल्या. हातात उकडलेल्या कसाव्याच्या कंदांची थाळी. ती खाली ठेवली, पण स्वतः बसल्या नाहीत.

"पाक गुरू, तुम्ही इंजिनं शिकवायचात ना?"

"एकतीस वर्षं शिकवली, बू. आता मोतीबिंदू आणि दोन कोंबड्या एवढंच उरलंय."

"मग मला सांगा, गाडी कोणी बिघडवली."

त्या सकाळची हकिगत आख्ख्या कालिसारी गावाला पाठ होती. उजाडता उजाडता क्लिवोनच्या छातीत कळ आली. पोननं गाडी काढली, म्हाताऱ्याला मागच्या बाकावर बायकोच्या मांडीवर निजवलं. बांबूच्या चढावर गाडी थरथरली, खोकली आणि बंद पडली. तंबाखूचा ट्रक मदतीला थांबेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पंधरा मिनिटं आधी आणला असता तर, असं डॉक्टर म्हणाला. डॉक्टर लोकांनी असली वाक्यं गिळायला शिकलं पाहिजे, असं माझं मत आहे.

आदल्याच दिवशी दुपारी धाकटा वागे घरी येऊन बापाशी भांडला होता. गाडी विका म्हणत होता. आणि शेजारणीनं त्याला बॉनेटमध्ये हात घातलेला पाहिला होता.

"सात दिवसांनी त्यांच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना," बू क्लिवोन म्हणाल्या. "पोन म्हणते, वागे चटईवर बसला तर मी उठून जाईन. थोरला लेगी लाम्पुंगला, त्याला येणं जमत नाही. माझ्या हाताशी दोनच लेकरं आहेत. ती एका चटईवर बसली नाहीत तर क्लिवोनला कसली शांती?"

"आणि जो निघेल तो तुमच्याच घरातला निघाला तर?"

"तर आधी मला सांगा. पण खरं सांगा. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून लोक मला काहीबाही सांगतात. तुम्ही तसं करू नका."

मी शब्द दिला. त्या आठवड्यात मी मुलीकडे सोलोला गेलो होतो, नाहीतर त्या दुपारी मीच क्लिवोनच्या अंगणात कॉफी पीत बसलो असतो. हे शल्य मला होतंच, म्हणून शब्द जरा घाईनं दिला.

२

गाडी फणसाच्या झाडाखाली उभी होती. वर पानं पडलेली, काचेवर कोंबडीनं सही केलेली. पोनचा नवरा बोनार शेजारची बॅटरी घेऊन आला. बोनार आमच्याकडचा नव्हे, मेदानकडचा, बाटाक जमातीचा, आवाज असा की कुजबुजला तरी तीन घरांत ऐकू जावं. त्याला मी आत किल्लीपाशी बसवलं.

"म्हणेन तेव्हा सुरू करायची. खाली उतरायचं नाही आणि अक्कल चालवायची नाही."

"दुसरं मला नेहमीच जमतं, पाक गुरू!"

गाडी सुरू झाली, पण थंडी भरल्यासारखी हलत होती. मिसिंग, म्हणजे ठोके चुकणं, इतकं की बॉनेटचा दांडा नाचू लागला. आमच्या शाळेतली पोरं असं काही झालं की आधी दुकानात पळायची आणि नवे सुटे भाग घेऊन यायची. मी त्यांना सांगायचो, गाढवांनो, आधी ऐका. प्लगची एकेक वायर काढा आणि ऐका. जी काढल्यावर इंजिन आणखी मरगळतं, तो सिलिंडर राबत होता. जी काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच गेलेला.

पहिली काढली, इंजिन मरायला टेकलं. चौथी काढली, तसंच. दुसरी काढली, काही नाही. तिसरी, काही नाही.

इंजिन बंद करायला लावून प्लग खोलले. पहिला आणि चौथा कॉफीच्या रंगाचे, कोरडे, निरोगी. मधले दोन काळे, पेट्रोलनं ओले. मग नाकाजवळ वायर धरून अक्षरं वाचली, कारण मोतीबिंदूला त्याहून लांबचं दिसत नाही.

क्लिवोननं वीस वर्षांपूर्वी प्रत्येक वायरीच्या टोकाशी पांढऱ्या रंगानं अक्षरं काढली होती. ले, पा, पो, वा. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन हे आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यात ओळीनं येणारे बाजारवार. मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव पुष्कळदा त्याला चिकटतं. क्लिवोनला स्वतःला तसंच चिकटलेलं, आणि पोरंही चार वारांना चार झाली: थोरला लेगी, मग पोन, मग सहाव्या वर्षी तापानं गेलेला पाहिंग, आणि शेंडेफळ वागे. चार पोरं, चार सिलिंडर. कॉइलकडून येणारी जाड पाचवी वायर म्हणजे तो स्वतः. "सगळ्यांना मीच पोसतो," म्हणायचा. वायरी मात्र त्यानं बाजारवारांच्या क्रमानं लावलेल्या असायच्या, म्हणजे दुसरी पाहिंगची आणि तिसरी पोनची.

आता दुसऱ्या सिलिंडरवर 'पो' होती आणि तिसऱ्यावर 'पा'.

मी दोन्ही काढल्या. टोकांच्या रबरी टोप्यांतून पांढरी पूड माझ्या बोटांना लागली. उन्हानं रबर चिकटू नये म्हणून क्लिवोन आत बाळांची पावडर मारायचा. या सवयीवरून मी त्याची पुष्कळ खिल्ली उडवली होती. प्लग पुसले, वायरी जागच्या जागी लावल्या.

"सुरू कर."

गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं. घरातून पोन धावत बाहेर आली, हाताला नारळाचा कीस तसाच. बापाच्या गाडीचा आवाज तिनं तेहतीस दिवसांनी ऐकला होता. ती खांबाला धरून रडू लागली.

बोनारनं खिडकीतून डोकं काढलं. "काय केलंत, पाक गुरू?"

"मधल्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ती सरळ केली."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी सासरे गेले?" त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

३

वायरी आपणहून जागा बदलत नाहीत. कोणाचा तरी हात लागलेला असतो.

"तो वागेचाच," पोन म्हणाली. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. बापाला सगळी पोरं 'बापाक' म्हणायची. "शेजारणीनं बघितलंय. त्याला गाडी विकायचीच होती. बापाक एकदा बाजारातून परत येताना रस्ता चुकले, तेव्हापासून त्याचं सुरू होतं. मी म्हणत होते, रस्ता काय कोणीही चुकतं."

"रस्ता एकदाच चुकला होता?"

तिनं नजर चुकवली. "तीनदा. वागेला एकच सांगितलं होतं."

"आणि चढावर काय झालं?"

ती बराच वेळ बोटांवरचा कीस काढत राहिली. "घाबरून मी पेडलवर पाय देत राहिले, पाक गुरू. गाडी ओढत नव्हती तशी आणखी जोरानं. बापाक मागून म्हणत होते, हळू, पोन, हळू. मी ऐकलं नाही. पेट्रोल भरून गाडी बुडाली ना? माझ्यामुळेच ना?"

"नाही. दोन सिलिंडर आधीपासूनच गेलेले. तू पाय दिला नसतास तरी ती त्या चढावर चढली नसती."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पाणी मागितलं. तेहतीस दिवस ही पोरगी आतल्या आत स्वतःला खात होती आणि वरवर भावावर ओरडत होती.

बोनारनं मला अंगणात गाठलं. इकडेतिकडे बघून म्हणाला, "पाक गुरू, आदल्या दिवशी सकाळी गाडी मी धुतली. बॉनेट उघडून पाइपनं. सासरे म्हणायचे, आत पाणी मारू नकोस. मी मारलं. पोनला ठाऊक नाही. ते पाणीच तर..."

"पाणी मारलेली गाडी दुपारपर्यंत वाळते. आणि पाणी अक्षरं वाचून वायरी बदलत नाही."

त्यानं असा श्वास सोडला की फणसावरचा कावळा उडाला.

"खरं सांगू? अक्षरं मला अजून कळत नाहीत," तो म्हणाला. "लग्नानंतर बाजारवार सासऱ्यांनीच शिकवले. लेगी, लेगीनंतरचा, पोन, वागे, क्लिवोन. मी वर्षभर समजत होतो की त्या दुसऱ्या दिवसाला तुमच्यात नावच नाही. शेवटी भाजीवाली हसली तेव्हा कळलं की त्याला पाहिंग म्हणतात."

मी हसलो. मुलगा गेल्यापासून सव्वीस वर्षं क्लिवोननं घरात 'पाहिंग' हा शब्द उच्चारला नव्हता, अगदी बाजाराचा वार म्हणूनसुद्धा नाही. तोंडानं तो त्या शब्दाला वळसा घालून जायचा. गावाला त्याची सवय झाली होती आणि मलाही. म्हणूनच बोनारचं बोलणं मी नुसतं हसण्यावारी नेलं, ही माझी चूक.

४

वागे मागेलांगला ट्रकांच्या गॅरेजात काम करतो. मी बसनं गेलो. मला पाहून तो ट्रकखालून बाहेर आला आणि हातही न पुसता म्हणाला, "म्बाकनं पाठवलं? मी येत नाहीये चाळिसाव्याला. सांगा तिला."

"मला बहिणीनं नाही, आईनं पाठवलंय. बॉनेटमध्ये काय केलंस ते सांग."

तो माझा विद्यार्थी होता. खोटं बोलायला लागला की डावा कान खाजवायचा. तो खाजवायला लागला आणि मग थांबला.

"क्लिवोन काढली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"वायर. कॉइलची. बापाकनी गाडी चालवू नये म्हणून काढून भिंतीवर लपवली. ते खूप बोलले. मीही बोललो. म्हटलं, तुम्हाला डावंउजवं आठवत नाही, गाडी काय चालवणार? त्यावर ते गप्पच बसले, पाक गुरू. बापाक कधी गप्प बसायचे का? मला लाज वाटली. जाण्याआधी वायर परत बसवली. पण घाईत. नीट दाबली की नाही, तेच आठवत नाही. रोज स्वप्नात ती वायर निसटते."

त्याचा काळा हात डोळ्यांकडे गेला आणि तोंडावर ग्रीस फासलं गेलं. त्याला त्याचं भान नव्हतं.

"वागे, शाळेत काय शिकवलं होतं? कॉइलची वायर निसटली तर किती सिलिंडर जातात?"

"चारही."

"गाडी चढापर्यंत पोचली. म्हणजे?"

"म्हणजे ती निसटली नव्हती," तो हळूच म्हणाला.

"दोन गेले होते. मधले. वायरी उलटसुलट होत्या. आणि त्या चारही वायरींच्या टोप्यांत पावडर होती. पांढरी, सुटी, वास येणारी. जुनी पावडर इंजिनाच्या उष्णतेनं पिवळी पडून चिकटते, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. म्हणजे तू गेल्यावर, त्याच दुपारी, कोणीतरी प्लग काढून साफ केले आणि वायरींना नव्यानं पावडर मारून त्या बसवल्या. तू पावडर मारतोस?"

"छे! मी ग्रीस लावतो. त्यावरून बापाक मला..." तो थांबला. "बापाकनी स्वतः?"

"तू डावंउजवं काढलंस. त्यानं करून दाखवायचं ठरवलं असणार."

वागे टायरवर बसला. मग त्यानं मान हलवली. "नाही, पाक गुरू. हे नाही पटत. ते रस्ता विसरले, चष्मा विसरले, एकदा माझं नाव विसरले. पण पाच बाजारवारांचा क्रम? तो तर गावातलं शेंबडं पोरही झोपेत म्हणेल. अक्षरं समोर लिहिलेली असताना बापाक पाहिंग आणि पोनमध्ये कसे चुकतील?"

बसमध्ये मी तोच प्रश्न चघळत होतो. पावडर हात सांगत होती, पण चूक सांगत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बू क्लिवोन मागच्या दारात सुपात तांदूळ पाखडत होत्या. तिथून फणस दिसत नाही, पण अंगणातलं सगळं ऐकू येतं.

"बू, वागे गेल्यावर त्या दुपारी क्लिवोन काय करत होता?"

"गाडीत खुडबुड. मी इथंच होते, अशीच." त्यांनी सूप खाली ठेवलं. चेहरा एकदम हलका झाला. "पाक गुरू, एक गोष्ट सांगू? मी कोणाला सांगितली नाही. पोनलाही नाही. माझी एकटीची आहे ती."

"सांगा."

"त्या दिवशी त्यांनी पाहिंगचं नाव घेतलं."

मी पायरीवर बसलो.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तिकडून ओरडून विचारलं, बू, आधी कोण गं? पाहिंग की पोन? माझ्या हातातलं सूपच थांबलं. एवढ्या वर्षांनी त्यांना लेकराची आठवण काढावीशी वाटली! मी म्हटलं, अहो, पोन आधी. पाहिंग तिच्या पाठीवरचा, दोन वर्षांनी. विसरलात का? तर हसले. 'बरोबर. पोन आधी. मग पाहिंग,' असं दोनदा म्हणाले."

त्यांनी पदराच्या टोकानं डोळे टिपले, पण तोंडावर हसू होतं.

"नंतर गाडी सुरू केली. ती खडखडली. बंद केली. मग अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले. जेवले नाहीत. 'उद्या बघू,' म्हणाले. मी विचारलं नाही. मला वाटलं, लेकराच्या आठवणीत बसलेत. बसू द्यावं." त्या थांबल्या. "शेवटच्या दिवशी आम्ही दोघं पाहिंगबद्दल बोललो, पाक गुरू. माझ्याकडे तेवढंच आहे आता."

सगळं समोर येऊन बसलं होतं. ज्या शब्दाला तो सव्वीस वर्षं वळसा घालत आला, स्मृती विरायला लागली तेव्हा खड्डा नेमका तिथंच पडला. लेगी आठवत होता, वागे आठवत होता, पण मधल्या दोघांचा क्रम हातातून सुटला. चार वायरी काढून झाल्या होत्या आणि 'पा' आधी की 'पो' ते त्याला सांगता येईना. लाजेनं शेजाऱ्याला विचारवेना. मी सोलोला. म्हणून त्यानं घरातल्या एकुलत्या एक खात्रीच्या माणसाला विचारलं.

त्यानं वार विचारले होते. तिनं मुलं सांगितली. त्या घरात तो शब्द वार म्हणून कधी ऐकूच आला नव्हता, मग ती बिचारी दुसरं काय समजणार? आणि तो तिच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

"कळलं का कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो. क्लिवोननंही असंच म्हटलं होतं, हे घरी जाताना माझ्या लक्षात आलं.

६

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकतीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट बजावत आलो की इंजिनाशी खोटं बोलता येत नाही. दोष जिथं आहे तिथंच दाखवायचा. आणि मी शब्द दिला होता. पण दोष शोधायचा तो दुरुस्त करता यावा म्हणून. जो दोष आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाही, तो एका म्हातारीच्या हातात देऊन काय होणार होतं? तिच्याकडे जे एकच उरलं होतं, तेही गेलं असतं.

सकाळी बू क्लिवोन बाजाराला गेल्या तेव्हा मी फणसाखाली जाऊन गाडीत थोडं काम केलं. काय केलं ते कोणाला सांगितलं नाही.

दुपारी वागेला बोलावून घेतलं. चौघांना समोर बसवून मी उलगडा केला. पोनचा पाय नाही, बोनारचं पाणी नाही, वागेची कॉइल नाही. प्लग क्लिवोननं स्वतःच साफ केले आणि स्वतःच्याच हातानं मधल्या दोन वायरी चुकवल्या.

"पण का?" वागेनं विचारलं.

"संध्याकाळ झाली होती. रंग पुसट झालेला. म्हातारे डोळे. माझेच बघ ना."

वागेनं कान खाजवला नाही, पण माझ्या कानाकडे मात्र पाहिलं. मी हात खाली घेतला.

पोन उठली, भावासमोर जाऊन उभी राहिली. वाटलं, आता थोबाडीत मारते. तिनं त्याच्या गालावर राहिलेला ग्रीसचा डाग अंगठ्यानं पुसला. "अंघोळ करून ये," म्हणाली. "असाच बसणारेस का चटईवर?"

"तूच म्हणालीस, मी बसलो तर तू उठशील."

"मग मी उठून तुला भात वाढेन. गप."

बू क्लिवोननी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेल्या.

चाळिसाव्याला दोघं भावंडं एका चटईवर बसली. प्रार्थना झाली, शेजारपाजारच्यांना जेवणाच्या टोपल्या वाटून झाल्या. उजेड होता तोवर वागे परत निघाला. गाडी तोच नेणार होता, पोनच म्हणाली तसं. निघण्यापूर्वी त्यानं सवयीनं बॉनेट उघडलं. मी बाजूला उभा होतो.

तेवढ्यात बू क्लिवोन अंगणात आल्या. हळूहळू चालत गाडीपाशी आल्या आणि इंजिनाकडे बघत राहिल्या.

"वागे, या वायरींवर तुमची नावं लिहिलीत ना? मला वाचता येत नाही. वाच बघू. आधी कोण आहे?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता, पण हातांनी पदर पिळून धरला होता. आठवडाभर त्याही काहीतरी जुळवत होत्या. मी नुसतं 'मधल्या दोन वायरी' म्हटलं होतं. मधली दोन कोण, हे त्या घरात आईपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

वागे वाकला. "लेगी," तो म्हणाला आणि थबकला. दुसऱ्या वायरीवर बोट तसंच राहिलं. त्यानं पुन्हा वाचलं, मग तिसरी, मग चौथी. ट्रकांचा मेकॅनिक तो, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार! वायरी बरोबर जागी होत्या. पण मधल्या दोघींवरचा रंग ओला असल्यासारखा पांढरा होता, आणि ज्या जागी वीस वर्षं 'पा' होतं तिथं आता 'पो' होतं. काडेपेटीच्या काडीनं आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी काढलेली अक्षरं ती, वेडीवाकडीच होती.

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग आईच्या हातांकडे.

"लेगी," त्यानं पुन्हा सुरुवात केली. "मग पोन. मग पाहिंग. मग मी."

"पोन आधी?"

"पोन आधी, इबू."

बू क्लिवोननी पदर सोडला. "मग मी त्यांना बरोबरच सांगितलं होतं."

"बरोबरच सांगितलं होतंस," वागे म्हणाला. त्यानं खिडकीतून आत वाकून किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली आणि चारही सिलिंडर नीट चालत होते. बू क्लिवोन थोडा वेळ ते ऐकत उभ्या राहिल्या. मग पोनला हाक मारून म्हणाल्या, भावाला वाटेत खायला काहीतरी बांधून दे.